खाडा

गुरुजींच्या वहीत रोज एक ओळ असते. तारीख, किती वाजता बसले, किती वाजता उठले आणि शब्द किती झाले. ज्या दिवशी शब्द नाहीत त्या दिवशी तिथं 'खाडा' लिहिलेलं असतं. हा खाडा शाळेच्या हजेरीपटावरचा नव्हे, ऊसतोडीच्या फडातला. नवरा-बायकोची जोडी एखाद्या दिवशी कामावर आली नाही की टोळी नेणारा मुकादम खाडा लावतो. मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, चढतो. गुरुजींचं बालपण कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, गेलंय. त्यांनी हा शब्द स्वतःला लावून घेतला तेव्हा मला ते जरा जास्तीचंच वाटलं होतं. पहाटे दोन पानं लिहिली नाहीत म्हणून कोण कुणाला दंड करायला बसलंय?

डिसेंबर २०२४ मध्ये या वहीत सलग सतरा खाडे पडले. कशामुळं पडले याचं उत्तर आम्हा सगळ्यांकडं तयार होतं आणि ते चुकीचं निघालं. चुकणाऱ्यांत मीही होते, म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवतेय. गुरुजींची संमती आहे. त्यांचं नाव देत नाही, आणि ज्या पुस्तकावर आम्ही खापर फोडलं त्याचंही देत नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'क' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. दिवाळीच्या आगंमागं इथून ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतात, कोल्हापूर-सांगलीकडं, बेळगावकडं, आणि निम्मा तालुका म्हाताऱ्यांच्या आणि शेळ्यांच्या हवाली होतो. वाचनालयात वर्दळ असते ती पोलीस भरतीच्या आणि एमपीएससीच्या पोरांची. कादंबरी मागणारे बोटावर मोजण्याइतके, त्यातले एक गुरुजी. वय अडतीस. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि हंगामात शाळेचं हंगामी वसतिगृहही बघतात. आईबाप फडावर गेलेली पोरं तिथं जेवतात. दिवाळी अंकांत दोन कथा छापून आल्यात. ही पहिलीच कादंबरी.

रोजची दोन पानं

वही सुरू झाली १७ सप्टेंबरला. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकून गुरुजी वाचनालयात आले, माझ्याकडून एक जुनं लांब रजिस्टर मागून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आजपासून रोज दोन पानं." त्यांच्या अक्षरात ओळीला नऊ शब्द बसतात, पानाला पंचवीस ओळी. दोन पानं म्हणजे साडेचारशे शब्द.

साडेचारशेच का, हा वाद त्यांनी पुण्यातल्या एका लेखक-मित्राशी घालून झाला होता. मित्र म्हणे, रोज हजार शब्द तरी पाहिजेतच. गुरुजींचं म्हणणं, हा हिशेब इंग्रजीचा. 'घरातल्यांनासुद्धा' हा आपल्याकडं एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतील. मला ते पटलं, पण खरं कारण मला ठाऊक होतं. पहाटे पावणेपाच ते सव्वासहा एवढीच वेळ त्यांच्या हातात. त्यानंतर पाणी भरायचं, आईचा चहा, मग मोटारसायकलवर शाळा.

रोजच्या मापाचं वेड नवं नाही. अंबाजोगाईचे दासोपंत रोज एका ढबू पैशाची शाई संपवत, अशी आख्यायिका आपल्याकडं सांगतात. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' आणि चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेली पासोडी बघितली की ती खरी असावी असं वाटतं. तिकडं इंग्लंडात टपाल खात्यात नोकरी करणारा कादंबरीकार ॲन्थनी ट्रोलप घड्याळ समोर ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा आणि रोजची पानं डायरीत मांडायचा. ते त्याच्या आत्मचरित्रातून बाहेर आलं १८८३ मध्ये, तो गेल्यावर. लोकांनी नाकं मुरडली, हा कसला कलावंत, हा तर कारकून! गुरुजींना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. ट्रोलपला त्यांनी नमस्कार केला, दासोपंतांबद्दल एवढंच म्हणाले, "शाई मोजणं बरंय. खोडलेले शब्दपण त्यात धरले जातात."

१७ सप्टेंबर ते ४ डिसेंबर, एकूण ७९ दिवस. खाडे नऊ: दिवाळीचे दोन, तापाचे दोन आणि विधानसभा निवडणुकीच्या कामाचे पाच. मतदान २० नोव्हेंबरला होतं, पण प्रशिक्षण, साहित्य ताब्यात घेणं, पेट्या जमा करणं हे धरलं की शिक्षकाचा आठवडाच जातो. उरलेल्या सत्तर दिवसांत २८,७०० शब्द. दिवसाला सरासरी ४१०. साडेचारशेला थोडं कमी, पण नोकरी करून लिहिणाऱ्याला कुणीही शाबासकी द्यावी असं.

कादंबरी २०१५-१६ च्या हंगामाची. नऊ वर्षांचा एक पोरगा कोपीत राहतो, आईबाप फडात, आणि जे काही आहे ते त्याच्या डोळ्यांनी. म्हणजे गुरुजींनी स्वतःचंच बालपण उचलून वीस वर्षं पुढं ठेवलं होतं. का, तर त्या साली दुष्काळ मोठा होता आणि लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. हे कारण लक्षात ठेवा, पुढं लागेल.

गाजलेलं पुस्तक

ते पुस्तक आमच्या गावात येण्याआधी तीनदा येऊन गेलं होतं. पहिल्यांदा मुखपृष्ठाची रील आली. मग सहीच्या प्रतीची आगाऊ नोंदणी. मग प्रकाशनाच्या आधीच 'दुसरी आवृत्ती'. आवृत्ती हजाराची, पाचशेची की तीनशेची हे आजकाल कुणी सांगत नाही, आणि विचारणाऱ्याला खडूस समजतात. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान, त्यावर 'मराठवाड्याचं आक्रंदन'. आक्रंदन हा शब्द वाचला की माझा हात आपोआप पानं उलटायला लागतो. पण विषय ऊसतोडीचा, आमच्याच मातीतला. पोलीस भरतीची पोरंसुद्धा विचारायला लागली. अनुदानाचा हप्ता यायचा होता तरी मी उधारीवर दोन प्रती मागवल्या.

गुरुजी या पुस्तकाची वाट बघत होते आणि घाबरतही होते. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण "आली का प्रत?" असं आठवड्यातून तीनदा कुणी उगाच विचारत नाही. आपण ज्यावर लिहितोय त्यावर आधीच कुणी उत्तम लिहून गेलं असेल, तर आपण कशाला पहाटे उठायचं?

१४ डिसेंबरला त्यांनी प्रत परत केली. टेबलावर ठेवली नाही, आपटली.

"ताई, याला कोयता म्हंजे काय हेच माहीत नाही."

त्यांचं बरोबर होतं. पुस्तकात नवरा एक कोयता आणि बायको दुसरा कोयता धरलेत. फडात कोयता म्हणजे जोडी. उचल जोडीला मिळते, तोडलेलं टनेज जोडीच्या नावावर पडतं. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. सगळा व्यवहार या एका शब्दावर उभा आहे. तो चुकला की बाई किती कमावते, तिला वेगळं काही मिळतं का, ती एकटी पळून गेली तर नवऱ्याचं काय होतं, सगळंच चुकत जातं. दुसरं, तीनशे पानांच्या पुस्तकात वाढ्यांचा उल्लेख नाही. उसाचे हिरवे शेंडे बांधून चारा म्हणून विकायचे, त्यातून रोजची मीठ-मिरची येते. बऱ्याच बायकांच्या हाताला लागणारा रोख पैसा तेवढाच. तिसरं, मध्यरात्री गाडी लागते तेव्हा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढावं लागतं, ते कुठं नाही. कारखान्याचा फडावरचा माणूस, चिटबॉय, नाही, वजनकाट्यावरची पावती नाही. मुकादम आहे, त्याला मिशा आहेत. जमीन मात्र दर चौथ्या पानाला भेगाळते.

"अशानं बक्षीस मिळतं," गुरुजी म्हणाले, "आणि आम्ही पहाटे उठून काट्याच्या पावत्या लिहीत बसायचं."

त्या दिवशी मी त्यांची बाजू घेतली. गावातल्या दोघा-तिघांनीही घेतली. वही बंद आहे हे कळल्यावर सगळ्यांचं एकमत झालं, वाईट पुस्तकाला मिळालेल्या टाळ्यांनी एका चांगल्या लेखकाचा हात धरला. पुण्याच्या मित्रानं फोनवर याला काहीतरी इंग्रजी नावही दिलं. गुरुजी स्वतः सांगत फिरले, "त्या पुस्तकानं माझी लय तोडली."

दोन नोंदवह्या

ख्रिसमसच्या सुट्टीआधी गुरुजी ते लांब रजिस्टर मला परत द्यायला आले. रिकामी पानं वाचनालयाच्या कामाला येतील म्हणाले. मला वाईट वाटलं, म्हणून ते गेल्यावर मी वही चाळत बसले. शेजारीच माझी देवघेव नोंदवही उघडी होती. सहज दोन्हीकडच्या तारखा लावून बघितल्या.

देवघेव नोंदवहीत ते पुस्तक गुरुजींच्या नावावर ९ डिसेंबरला गेलंय, सोमवारी संध्याकाळी. पाचच्या पुढं, कारण त्याआधी त्यांची शाळा सुटत नाही. आणि गुरुजींच्या वहीत:

५ डिसेंबर, ३१० शब्द. ६ डिसेंबर, १८०. ७ डिसेंबर, ९५. ८ डिसेंबर, ४०, रविवार असूनसुद्धा. ९ डिसेंबर, पहाटे, खाडा.

पहिला खाडा पहाटेचा आणि पुस्तक हातात पडलं त्याच दिवशी संध्याकाळी. हात पुस्तकानं धरला असेल तर त्यानं तो चार दिवस आधीच, कपाटात बसल्या बसल्या धरला म्हणायचा.

मग मी ती प्रत काढली. गुरुजींना वाचताना शिसपेन्सिलीनं खुणा करायची खोड आहे. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये अशी पाटी मी त्यांच्याकडूनच रंगवून घेतली होती, तरीही. पान ३४ वर कोयत्याशेजारी उद्गारचिन्ह. ६१ वर 'वाढं कुठंय?'. ८८ वर नुसती आडवी रेघ. शेवटची खूण पान १०९ वर. त्यापुढची पानं कोरी, आणि नुसती कोरी नव्हेत, उघडलीच नव्हती. नव्या पुस्तकाची पानं चिकटलेली असतात ती तशीच होती. म्हणजे जे पुस्तक गुरुजींनी आपटलं ते त्यांनी २८८ पैकी १०९ पानंच वाचलं होतं.

पान १०९ वर काय आहे? तिथं नायिकेला दवाखान्यात नेतात, गर्भपिशवी काढायला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या, सरकारनं चौकशी समिती नेमली, तेव्हापासून या विषयावर लिहिणाऱ्याला हा प्रसंग टाळता येत नाही. पुस्तकात तो अडीच पानांत आटोपतो. पाऊस, विजा, किंकाळी.

आणि गुरुजींचं हस्तलिखित ५ डिसेंबरला कुठं थांबलं होतं? मला वाचायला दिलेली पानं काढली. पोरगा कोपीच्या बाहेर बसलाय. आत आई आणि मुकादम बोलतायत. पोराला 'पिशवी' एवढाच शब्द ऐकू येतो. चार दिवसांत हा परिच्छेद गुरुजींनी पाच वेळा लिहून खोडला होता. आत काय बोलणं झालं ते पोराला माहीत नव्हतं, आणि गुरुजींनाही नव्हतं.

हे मी दुसऱ्या दिवशी वही परत देताना त्यांना सांगितलं. ग्रंथपालाला असल्या गोष्टी तोंडावर सांगण्याचा अधिकार आहे की नाही, कोण जाणे. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "त्या पुस्तकाचा राग आला होता, ते खोटं नाही."

खोटं नव्हतंच. मीही पुढं ते पुस्तक पुरं वाचलं. कोयत्याची चूक अक्षम्य आहे, आक्रंदन आहेच. पण शेवटाकडं एक प्रकरण आहे, टोळी परत येते त्याचं. बंद घराचं कुलूप गंजलंय, किल्ली लागत नाही, आणि म्हातारी शेजारीण आधी शेळीचा हिशेब देते, मग नवरा गेल्याचं सांगते. ते प्रकरण ज्यानं लिहिलं त्याला काहीतरी दिसलेलं आहे. गुरुजी तिथवर पोचलेच नाहीत. पुस्तकाचं नाव मी देत नाही ते यासाठी. अर्ध्यातून परत आलेल्या वाचकाच्या रागावर मी माझा शिक्का मारून मोकळी झाले होते.

हिशेब

पुढचं गुरुजींच्या घरी घडलं, मी तिथं नव्हते. त्यांनी सांगितलं तसं लिहितेय.

गुरुजींची मुलगी नववीला आहे. तिला तेच पुस्तक वाचायचं होतं, मैत्रिणींत नाव झालेलं. तिनं माझ्याकडून दुसरी प्रत नेली आणि २५ डिसेंबरला सुट्टीत ओसरीवर आजीला मोठ्यानं वाचून दाखवत बसली. आजी तांदूळ निवडत होती. दवाखान्याचं पान आलं. पोरीचा आवाज जड झाला. आजीनं हात थांबवला नाही. म्हणाली,

"ही बाई लई रडायलीय. पर हिच्यावर उचल किती व्हती?"

पोरीनं मागं-पुढं बघितलं. पुस्तकात आकडा नव्हता.

"मंग आप्रेशनचा पैसा कुणी दिला?"

तोही नव्हता.

गुरुजी आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले, दाराला टेकून उभे राहिले. आजी सुपाकडं बघतच बोलत राहिली, नातीशी. "मला दर महिन्याला दोन-तीन दिस उठवत नव्हतं. मुकादम खाडा लावायचा. तुझा आज्जा म्हणायचा, हंगामाचे खाडे मोज, निम्मी उचल फिटंना. डाक्टर म्हणला, पिशवी काढ. पैसा मुकादमानंच दिला, उचलीत चढवला. मंग पुढल्या सालीबी जायचंच व्हतं, इचारायचं काय त्यात." नातीनं विचारलं, तू रडली नाहीस का? "रडले की. पर त्ये येगळं."

अडतीस वर्षांत गुरुजींनी हे आईला विचारलं नव्हतं. कसं विचारणार? आपल्याकडं मुलगा आईला असलं विचारत नाही. ऑपरेशन झालं तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि त्यांना आजोळी पाठवलं होतं, एवढंच आठवतं. गंमत अशी की अडलेली गाठ सोडवायला तेच टाकाऊ पुस्तक लागलं. त्यातली चूक म्हातारीनं एका दमात पकडली. तीच चूक गुरुजींच्या पाच खोडलेल्या परिच्छेदांतही होती. त्यात कुजबुज होती, अंधार होता, पोराचं धडधडतं काळीज होतं. रक्कम नव्हती.

२६ डिसेंबरची नोंद: ६० शब्द.

माझ्या वहीत एवढ्यावर थांबून प्रकरण सुटलं असं लिहिता आलं असतं. पण आकडे तसं सांगत नाहीत. जानेवारीभर गुरुजींची सरासरी दीडशेच्या वर गेली नाही. साडेचारशेचं गणित मोडलं ते मोडलंच. दोनदा त्यांनी वही कपाटात ठेवली, एकदा माझ्याशी भांडले, तुम्ही तारखा लावून माझं ऑडिट केलंत म्हणून. भांडणात तथ्य होतं. पोराच्या डोळ्यांनी लिहिलेली कादंबरी आता आईच्या हिशेबावर उभी करायची, तर मागचं बरंच मोडावं लागणार होतं. आईला रोज थोडं थोडं विचारायचं, ती तिच्या लहरीनं सांगणार, कधी म्हणणार, "जा तिकडं, कामून खोदत बसलायस?"

आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या तारखेला वहीत एक नवाच आकडा आला: वजा ६,२००.

मी विचारलं, हे काय? त्यांनी पाण्याच्या रेल्वेचं अख्खं प्रकरण काढून टाकलं होतं, त्याला जोडलेली दोन छोटी प्रकरणंसुद्धा. मिरजेहून निघालेली ती पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातुरात पोचली. तारखेपासून वाघिणींपर्यंत सगळं अचूक लिहिलं होतं. मला ते प्रकरण आवडलंही होतं. पण त्या दिवशी त्यांचा पोरगा लातुरात नव्हता. तो आईबापाबरोबर गावी परतून टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा होता, शंभर किलोमीटर अलीकडं. रेल्वे त्यानं बघितलीच नाही. मग ती कादंबरीत का आली? दुष्काळ म्हटलं की वाचकाला रेल्वे लागते म्हणून.

"ही माझी भेगाळलेली जमीन," गुरुजी म्हणाले, आणि चहा मागवला.

रेल्वे गेल्यावर २०१५-१६ सालही धरून ठेवायचं कारण उरलं नाही. आता कादंबरी मागं नेतायत, आईच्या फडात जातानाच्या वर्षांत. त्या काळचा तोडणीचा दर, उचल, खाड्याची रक्कम, सगळं नव्यानं विचारावं लागतंय. दोन म्हाताऱ्या मुकादमांना भेटून झालं. एकानं वही दाखवली, दुसऱ्यानं हाकलून दिलं.

ज्या दिवशी आईशी नुसतं बोलणं होतं, एक शब्दही लिहिला जात नाही, त्या दिवसाचं काय करायचं यावर त्यांचं अजून ठरत नाही. गेल्या आठवड्यात तीन दिवस त्या रकान्यात काहीच नाही. शब्द नाहीत, खाडाही नाही. वही माझ्याकडं नुकतीच बघायला आली होती. त्या तीन ओळींत फक्त तारखा आहेत, आणि एकीपुढं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, त्या साली आईवर असलेल्या उचलीचा आकडा.